ईयोबाच्या दारचा रस्ता

अल हैल, मस्कत
८ सप्टेंबर १९९६

ती. सिस्टरबाईंना गणपतचा जय भीम.

तुमचं पत्र पोचलं. चष्म्याची काडी मोडली ती दोऱ्याने बांधून चालवताय म्हणता. जन्मभर रेवदंड्याच्या बाळंतिणींना दटावत आलात, आता जरा स्वतःला दटावा आणि अलिबागला जाऊन चष्मा नवा करून घ्या.

आमच्याकडे ठीक. लीलावती बरी आहे. प्रणाली आठवीत गेली. तुम्हाला दोन ओळी मराठीत लिही म्हटलं तर म्हणाली, "पप्पा, मी फक्त हाय म्हटलं तर चालेल का?" तेव्हा तिचं हाय घ्या.

मागच्या महिन्यात कामासाठी सलालाला जाऊन आलो. ते ओमानच्या पार दक्षिणेला. बाकीचा देश उन्हात भाजत असतो तेव्हा तिथे पाऊस असतो, त्याला खरीफ म्हणतात. पाऊस म्हणजे भुरभुर आणि धुकं. आपल्याकडचा माणूस त्याला पाऊस म्हणणार नाही, पण इथले लोक मोटारी भरभरून बघायला जातात आणि मुद्दाम भिजत चहा पितात. नारळ, केळी, पपया मात्र अगदी आपल्यासारख्या. रस्त्याकडेला शहाळी विकतात. तेवढं बघून मला आपल्या आळीची आठवण झाली, हे कबूल करतो.

हा सगळा मुलूख जुन्या नबींचा म्हणतात. शहरात इमरान नबीची कबर आहे. ते ख्रिस्ती लोकांच्या मरियेचे वडील. कबर इतकी लांब की एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारावी लागेल. मला तो पाण्याच्या जुन्या पाटाचा तुकडा वाटला. पण बरोबरचा फोरमन शरीफ डोळे मिटून उभा होता.

दुसरी कबर वर डोंगरात, अय्यूब नबीची. म्हणजे तुमच्या पोथीतला ईयोब, ज्याच्या अंगभर फोड उठले होते तो. तिथवरचा रस्ता आमच्या कंपनीने केला, तो तपासून ताब्यात द्यायचा होता. रस्ता फर्स्ट क्लास झाला आहे, आपलं काम म्हणून सांगत नाही. डांबर थेट फाटकापर्यंत. म्हातारं माणूस घरच्या चपलांनी जाऊन येईल. आत एक खोली, हिरव्या कापडाखाली कबर, उदाचा वास. खाली उतारावर झरा आहे, त्या पाण्याने अंघोळ करून तो बरा झाला असं सांगतात. आम्ही होतो तेव्हा केरळच्या ख्रिस्ती नर्सांची एक गाडी आली. त्यांनी आणि मुसलमान बायकांनी एकाच कबरीला वळसा घातला, कोणाचं कोणाशी भांडण झालं नाही. रखवालदाराने डोक्यावर घालायला टोपी दिली. ती मी घातली. हात जोडले नाहीत.

तुमचा शिमशोन यंदा सणाला इस्राएलहून येतोय का? आला तर त्याला माझा नमस्कार.

तुमचा,
गणपत

---

रेवदंडा
२ ऑक्टोबर १९९६

चि. गणपत यास सिस्टरबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा चष्मा अलिबागला दुरुस्तीला होता, म्हणून शिमशोननेच ते मोठ्याने वाचून दाखवलं. आत्ताही तो शेजारी बसून आहे. तुला शालोम सांगतो.

तुझं पत्र ऐकून आम्हा दोघांना फार आनंद झाला. त्याचं कारण तुला ठाऊक नसेल. शिमशोन पाच वर्षांचा असताना त्याला देवी आल्या होत्या. डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा फोड. गावात कोणी आमच्या दारात पाऊल टाकेना. तुझी आई मैना तेवढी यायची. तिला लहानपणीच येऊन गेल्या होत्या, म्हणून तिला भीती नव्हती. मी दवाखान्यात गेले की ती लिंबाच्या पाल्याने त्याला वारा घालत बसायची. तेव्हा मी ईयोबाला बोलले, की तू अंगभर सडून बरा झालास, तसा माझा पोरगा बरा होऊ दे. याच्या केसांना कात्री लावणार नाही, याला तुझ्या दारी आणीन आणि याचे केस तुझ्या पाण्यात सोडीन.

पोरगा बरा झाला. आमच्यात नवसाचे केस वाढवतात, मग काढून पाण्यात सोडतात, हे तू पाहिलं आहेस. पण ईयोबाचं दार कुठे आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे शाळेत मास्तर ऐकेनात तेव्हा केस कापले. ते मी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेत. पोथीतल्या शिमशोनचं सगळं बळ केसांत, आणि याचं नाव शिमशोन नि केस डब्यात, म्हणून त्याचे बाबा हसायचे.

शिमशोन म्हणतो, आता नवस फेडता येईल आणि मग माझी इस्राएलात दिमोनाला त्याच्याकडे कायमची जायची वाट मोकळी होईल. त्याने माझ्यासाठी खोली तयार ठेवली आहे. त्याच्या इस्राएली पासपोर्टावर तुझ्याकडे येता येईल का, ते विचारून कळव.

तुझी,
सिस्टरबाई

---

अल हैल
१० नोव्हेंबर १९९६

ती. सिस्टरबाईंना जय भीम.

सगळी चौकशी केली. शिमशोनला व्हिसा मिळणार नाही. यंदा इथे त्यांच्या देशाचं व्यापाराचं ऑफिस उघडलं आहे, पण ते व्यापाऱ्यांसाठी, नवस फेडणाऱ्यांसाठी नाही. आमचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक, भला माणूस आहे. तोही "इन्शाल्ला, पुढे बघू" म्हणाला. इथे इन्शाल्ला इतक्या गोडीने म्हटलं की समजायचं, होत नाही.

पण वाट निघते. केस माझ्याकडे पाठवून द्या. आपल्या चौलचे हुसैनमियाँ इथे मत्रहच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवतात, ते दर वर्षी गावी येतात. त्यांच्याबरोबर डबा द्या. ऑफिसच्या कामाने मला सलालाला जावंच लागतं. झऱ्यात केस सोडायला असा कितीसा वेळ लागणार? माणूस नाही तर माणसाचे केस आले, यावर नबीची हरकत नसावी.

उन्हाळ्याच्या आत काम होऊन जाईल. म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही मुलाजवळ असाल. इतकी वर्षं अडलेली गोष्ट एका रस्त्यामुळे सुटली. आमच्या धंद्यात असं समाधान क्वचित मिळतं.

आपला,
गणपत

---

रेवदंडा
१४ जानेवारी १९९७

गणू, गाढवा,

शिमशोन परवा विमानात बसला, म्हणून आता खरं लिहिते. माझं मागचं पत्र तो शेजारी बसून वाचत होता, एवढं तरी तुला कळायला हवं होतं. इंजिनिअर कोणी केलं तुला?

तो सव्वीस वर्षं मला "चल" म्हणतोय. बाबांवाचून एकटी कशी राहशील, आळीतली घरं एकेक करून बंद झाली, आमच्या यहुद्यांच्या मशिदीत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमत नाहीत, सगळं खरं आहे त्याचं. दर वेळी मी एकच सांगत आले, की ईयोबाचा नवस राहिलाय, तो फेडल्याशिवाय मला गाव सोडता यायचं नाही. आणि ईयोब कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. माझं छान चाललं होतं. दाराला आतून कडी होती म्हण. ती तू बाहेरून काढलीस, आणि वर डांबर घालून दिलंस.

मुलगा वाईट नाही. सून तर माझ्यापेक्षा चांगली आहे. तीन वर्षांमागे भेटीला गेले होते तेव्हा मला गॅलरीत खुर्ची टाकून दिली होती. समोर वाळू. नातवंडं येऊन गालाला ओठ लावायची आणि हिब्रूत काहीतरी बोलून निघून जायची. तिकडे सगळे माझ्या धर्माचे आणि ओळखीचा एकही नाही. इथे मी बाजाराला निघाले तर दर दारातून कोणीतरी "सिस्टरबाई, बसा जरा" म्हणतं. त्या दारातली निम्मी माणसं माझ्या हातावर जन्मलीत. मला इथेच मरायचंय, गणू. शिमशोनच्या बाबांशेजारी जागा ठेवली आहे माझी.

हे मुलाला तोंडावर सांगायचं धैर्य मला होत नाही. त्याने इतक्या हौसेने खोली रंगवली आहे.

पण नवस खोटा नाही. मी बोलले ते खरं बोलले, आणि त्याने पोरगा परत दिला. आता दार कळल्यावर मी डबा लपवून ठेवला तर ती फसवणूक होईल. म्हणून केस हुसैनमियाँबरोबर पाठवते आहे. पाण्यात सोड असं मी तुला सांगत नाही, सोडू नकोस असंही सांगत नाही. तुझ्या हवाली केले, माझं काम संपलं. कधी सोडायचे ते तू बघ.

आणि गेलास तर हात जोडू नकोस. तुझा विश्वास नाही. खोटे जोडलेले हात कळतात वर.

सिस्टरबाई

---

अल हैल
३ एप्रिल १९९७

ती. सिस्टरबाईंना जय भीम.

डबा मिळाला. हुसैनमियाँनी तो मांडीवर ठेवून आणला, विमानातल्या बाईने वर ठेवा म्हटलं तरी दिला नाही. मी तो कपाटात इस्त्रीच्या कपड्यांमागे ठेवला आहे. लीलावतीला सांगितलं. प्रणालीला तूर्त "शिमशोनकाकाची वस्तू" एवढंच सांगितलं आहे.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी त्याच्यावर काही मत द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक लिहितो. आईला मी इथे आणलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. वेगळी खोली, एसी, समुद्र चालत जाण्याइतका जवळ. ती दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या मोटारी बघायची. एकदा मला म्हणाली, "गणू, इथं मला नावानं हाक मारणारं कोणी नाय रे." मी हसण्यावारी नेलं. पुढे गावी परत सोडली तेव्हा तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. डोळे तुम्ही मिटलेत तिचे. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेव्हा सलालाच्या रस्त्याची परिस्थिती पाहून वेळोवेळी कळवत जाईन. ती पत्रं शिमशोनला दाखवायला हरकत नाही. रस्ते हा माझा धंदा आहे. माझ्या शब्दावर कोणी शंका घेईल असं वाटत नाही.

अय्यूबच्या कबरी आणखी दोन-चार देशांत दाखवतात असं वाचलं. कोणती खरी हे कोणी सांगू शकत नाही. हे शिमशोनला कळवू का?

गणपत

---

रेवदंडा
२० मे १९९७

चि. गणूस आशीर्वाद.

कळवू नकोस. ज्याची खबर माझ्या दारात आली तोच माझा ईयोब. दुसऱ्या देशातल्यांशी मला कर्तव्य नाही.

मैनाची आठवण काढलीस, बरं केलंस. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावताना मी अजून तिचं नाव घेते. तुझ्या धर्मात बसत नसलं तर सोडून दे.

सिस्टरबाई

---

अल हैल
१५ सप्टेंबर १९९८

ती. सिस्टरबाईंना जय भीम.

यंदा सलालाला गेलो होतो. डोंगरावर धुकं फार दाट होतं, पुढची गाडी दिसत नव्हती. अशा हवेत घाट चढणं सुरक्षिततेच्या नियमांत बसत नाही. सबब काम होऊ शकलं नाही. शिमशोनला कळवावे.

गणपत

---

रेवदंडा
११ ऑक्टोबर १९९८

चि. गणूस आशीर्वाद.

पत्र शिमशोनला फोनवर वाचून दाखवलं. तो "बरं" म्हणाला. तू जिवाला जप. नबीला घाई नाही.

सिस्टरबाई

---

अल हैल
२ सप्टेंबर १९९९

ती. सिस्टरबाईंना जय भीम.

यंदा धुकं नव्हतं. परंतु घाटातल्या दोन वळणांची डागडुजी करावी लागेल असं माझं तांत्रिक मत पडलं, आणि डागडुजी होईपर्यंत नवसासारख्या कामाला तो रस्ता वापरणं योग्य नाही, असंही पडलं. सबब काम राहिलं.

शरीफ मला म्हणाला, "साब, रोड एकदम बराबर है, किधर का रिपेअर?" त्याला म्हटलं, खलास, तू तुझं काम बघ.

पत्राचा हा वरचा परिच्छेद फोनवर वाचू नये.

गणपत

---

रेवदंडा
९ ऑक्टोबर १९९९

चि. गणूस आशीर्वाद.

वाचला नाही. पण चांगली हसले. कुबरा धावत आली, बाईंना काय झालं म्हणून. कुबरा म्हणजे समोरच्या घरातली. तिची तिन्ही मुलं माझ्या हातची. आता तीच मला भाकरी देते आणि वर दटावते.

वळणं नीट कर. घाई नको.

सिस्टरबाई

---

अल हैल
२३ ऑगस्ट २००१

ती. सिस्टरबाईंना जय भीम.

मागल्या वर्षी माझी बदली इब्रीच्या कामावर होती, त्यामुळे दक्षिणेकडे जाणंच झालं नाही. यंदा गेलो. झऱ्याला पाणी कमी वाटलं. इतक्या वर्षांचा नवस अपुऱ्या पाण्यात फेडणं मला पटलं नाही.

प्रणालीला डब्यात काय आहे ते एकदा सांगितलं. तिने डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, किती सॉफ्ट आहेत! काका एवढा छोटा होता?" मग स्वतःच झाकण लावून ठेवलं. आता कपडे काढताना तीच डबा जपून बाजूला करते.

गणपत

---

दिमोना
(मुंबईच्या नातेवाइकांमार्फत)
३० जुलै २००२

प्रिय गणपत, शालोम.

आपण दोघं एका अंगणात खेळलो, पण आजवर तुला मी स्वतः पत्र लिहिलं नव्हतं. आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. अलिबागला ऑपरेशन झालं, मी जाऊन पंधरवडा राहून आलो. सुट्टी तेवढीच होती. तिला कुबराच्या हवाली करून यावं लागलं.

मी तिचा एकुलता मुलगा. ती पडली तेव्हा पहिली हाक शेजारणीने ऐकली. माझ्यापर्यंत बातमी यायला दोन दिवस लागले. मला इथे लोक विचारतात, आई कुठे असते? काय सांगू? ईयोबाच्या रस्त्याची डागडुजी चालू आहे म्हणून सांगू?

तुझ्या रस्त्याचं जे काही असेल ते बघ आणि एकदाचं मोकळं कर. ती तुझ्या शब्दाबाहेर नाही. मी हात जोडून विनंती करतो.

तुझा,
शिमशोन

---

अल हैल
१९ ऑगस्ट २००२

ती. सिस्टरबाईंना जय भीम.

शिमशोनचं पत्र आलं. त्याची प्रत सोबत जोडली आहे. ते वाचून मला त्याची बाजू खोटी म्हणता येत नाही. मी पाच वर्षं गंमत केल्यासारखी पत्रं लिहिली, आणि तिकडे तो माणूस खरोखरच वाट बघत होता.

पुढच्या महिन्यात मी सलालाला जातो आहे. डबा बरोबर नेणार आहे. तुम्ही म्हणाला होतात की कधी सोडायचे ते तू बघ. आईच्या वेळी मी एकट्याने ठरवलं आणि चुकलो, म्हणून या वेळी एकट्याने ठरवणार नाही. आता तुमचा पाय तसा, तुम्हाला उठवायला बसवायला माणूस लागतं. स्पष्ट सांगा. सोडू का?

कुबराच्या घरच्या फोनवर एक शब्द सांगितलात तरी चालेल. ३० तारखेला, शुक्रवारी सकाळी मी फोन करीन.

गणपत

---

रेवदंडा
२ सप्टेंबर २००२

चि. गणूस आशीर्वाद.

शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा मी बोलले नाही, कुबराला "बाई झोपल्यात" म्हणून सांगायला लावलं. झोपले नव्हते. फोनवर माझ्या आवाजावरून तुला उत्तर कळलं असतं.

शिमशोनचं पत्र वाचून रडले. हे त्याला कळवू नकोस. आईने मुलाला असं ताटकळत ठेवू नये, हे मला कळतं. मला वाईट वाटतं, रोज वाटतं.

पण ऐक. मी पडले तेव्हा कुबरा आली, तिचे दोन मुलगे आले, कोळीवाड्यातून चौघं आले. दार काढून त्याच्यावर मला निजवून रिक्षापर्यंत नेलं. एक जण म्हणाला, "सिस्टरबाय, तू मला आनलास, आता मी तुला नेतंव." मला दुखत होतं आणि हसूही येत होतं. आता रोज कोणीतरी येऊन मला दोन पावलं चालवतं. दिमोनाला पैसे देऊन नर्स ठेवतील. मी स्वतः नर्स होते, मला ठाऊक आहे आम्ही कशा हात लावतो.

तू विचारलंस ते मी सांगणार नाही. नवस माझा आहे, नबीसमोर मी त्याला नको म्हणायची नाही. पण तुला आईचं आठवलं, तर मग मला कशाला विचारतोस?

सिस्टरबाई

---

अल हैल
२० सप्टेंबर २००२

ती. सिस्टरबाईंना जय भीम.

मेमधल्या वादळात सलालाला पूर आला होता, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. त्याने घाटाचं फार नुकसान झालं आहे. असं माझं तांत्रिक मत आहे. दुरुस्तीला काही वर्षं लागतील. शिमशोनलाही मी हेच वेगळ्या पत्राने कळवलं आहे.

डबा नेला तसा परत आणला. काठी घेतल्याशिवाय न्हाणीत जाऊ नका.

गणपत

---

दिमोना
६ मार्च २००५

प्रिय गणपत, शालोम.

हुसैनमियाँकडून तुला कळलंच असेल. आई गेली. मी वेळेवर पोचलो. शेवटचे चार दिवस तिच्याजवळ होतो. तिला माझी ओळख होती. एकदा म्हणाली, "खोलीचा रंग कोणता दिलास रे?" मी म्हटलं, निळा. "चांगला आहे," म्हणाली.

बाबांशेजारी ठेवली. प्रार्थनेला दहा पुरुष हवे होते, ते अलिबाग-पेणहून गोळा केले. पण खांदा द्यायला एवढे लोक आले की मला माझ्या आईच्या खाटेला हात लावायला वाट मागावी लागली. कोळी, मुसलमान, आगरी, बौद्धवाडीतले. म्हातारे पुरुष माझ्याकडे येऊन सांगत होते, मी तुझ्या आईच्या हातचा. दिमोनात मी पस्तीस वर्षं आहे. मी गेलो तर इतके लोक येणार नाहीत.

आता एक गोष्ट लिहितो. तू रागावू नकोस.

शहाण्णव साली तुझं ते पत्र आलं तेव्हा आईचा चष्मा नव्हता. ते मीच मोठ्याने वाचलं होतं. डांबर थेट फाटकापर्यंत, म्हातारं माणूस घरच्या चपलांनी जाऊन येईल, हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं. तुझं अक्षर चांगलं आहे, गणपत. त्यामुळे पुढे धुकं आलं, वळणं खचली, झरा आटला, ते सगळं मी फोनवर ऐकत गेलो आणि "बरं" म्हणत गेलो. पहिल्या वर्षी तुझा राग आला. मग कळलं की आईला यायचंच नाही आणि ते मला सांगायची तिला लाज वाटते. तिने सांगितलं असतं तर मला हट्ट धरावा लागला असता. मुलगा म्हणून नाही धरला तर लोक काय म्हणाले असते, मी स्वतःला काय म्हणालो असतो? तुझा रस्ता बंद होता म्हणून मला गप्प बसता आलं. फक्त ती पडली तेव्हा राहवलं नाही, म्हणून तसं पत्र लिहिलं. तू ऐकलं नाहीस, हे बरं केलंस.

आता नवस तेवढा राहिला आहे. तो आईच्या नावावर राहू नये असं वाटतं. मला अजूनही तिकडे येता येत नाही, ते व्यापाराचं ऑफिसही केव्हाच बंद झालं. तुला जमेल तेव्हा बघ.

तुझा,
शिमशोन

---

सलाला
१ एप्रिल २००५

प्रिय शिमशोन, जय भीम.

आज काम झालं.

प्रणालीला सुट्टी होती, ती बरोबर आली. डबा विमानात तिनेच मांडीवर धरला. वाटेत शरीफ गाडी चालवत होता. घाट लागल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साब, रिपेअर अच्छा हुआ."

खरीफ यायला अजून अवकाश आहे, त्यामुळे हवा स्वच्छ होती आणि वरून समुद्र दिसला. फाटकाशी उतरलो. रखवालदार आता नवा आहे, अमीन नावाचा, वयस्कर. आम्हाला नबीच्या खोलीत जायचं नाही, खाली पाण्याशी जायचं आहे म्हटल्यावर त्याने डब्याकडे पाहिलं. मी उघडून दाखवला. तुझे केस अजून काळेभोर आहेत, शिमशोन. माझे तर सगळे गेले, तुझे काय झाले असतील देव जाणे. हा आपला एक बोलण्याचा प्रकार, विश्वास म्हणून लिहीत नाही.

झऱ्याला पाणी भरपूर होतं. मी केस सोडले. जरा वेळ ते एका दगडाशी अडकून राहिले, मग प्रणालीने ओंजळीने पाणी लोटलं तेव्हा गेले. काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. मी मोठ्याने एवढंच म्हणालो, "सिस्टरबाईंनी पाठवलेत." हात जोडले नाहीत. त्यांनी तशी ताकीद दिली होती. डोळ्यांत पाणी आलं, त्याबद्दल त्यांनी काही सांगून ठेवलं नव्हतं.

वर आलो तेव्हा अमीनने विचारलं, हे केस कोणाचे? मुलीसमोर मला अरबी नीट सुचेना. म्हटलं, माझ्या भावाचे, लहानपणी फार आजारी होता. तो म्हणाला, मग भाऊ स्वतः का नाही आला?

मी त्याला सांगितलं की रस्ता बंद आहे. त्याने मागे वळून आमच्या डांबरी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हाला आत बसवून चहा दिला.

तुझा,
गणपत